मोहिनीताईंचा पोकळ मणी

नाशिकच्या सराफ बाजारात दागिना मोडला तर लोक सोनाराकडे जातात आणि तुटला तर मोहिनीताईंकडे. मोडणं हे धातूचं काम, तुटणं हे दोऱ्याचं. पोत असो, बोरमाळ असो, नाहीतर नव्या नवरीचं मंगळसूत्र असो, मणी ओवून, रेशमात गाठवून, मागे गोंडा लावून द्यायचा हा त्यांचा पटवेकरी धंदा. धनराजशेठच्या चांदीच्या दुकानाला लागून एक लांबट ओटा आहे. त्यावर चटई टाकून, उजवा पाय पुढे पसरून त्या बसतात. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला गुंडाळलेलं असतं, दुसरं हातात. अंगठ्यावर त्या दोऱ्याची खाच पडली आहे आणि ती आता काही बुजायची नाही.

लग्न होऊन त्या सटाण्याकडून नाशिकला आल्या, तेव्हा या ओट्यावर त्यांचे सासरे बसायचे. नवऱ्याला, म्हणजे संतोषरावांना, दोऱ्याची गोडी नव्हती. ते सिन्नरच्या कारखान्यात लागले आणि तिथेच सुपरवायझर झाले. घरात हात मोकळे असलेली एक सूनच होती, म्हणून सासऱ्यांनी तिला गाठी शिकवल्या. सुरुवातीला ती घरी बसून गाठवायची आणि सासरे ओट्यावर बसून माल घ्यायचे. त्यांची नजर गेली, आणि एका सकाळी मोहिनीताई स्वतःच चटई घेऊन ओट्यावर जाऊन बसल्या. बाजार दोन दिवस बघत राहिला, तिसऱ्या दिवशी त्याला सवय झाली.

मोहिनीताईंना विचारायची खोड आहे. गिऱ्हाइकाने पुडी सोडली की यांचं सुरू होतं. हे कुठलं? कोणी घडवलं? आजीचं होतं का? आजी कुठल्या? हे असं टोक का काढलंय? काही गिऱ्हाइकं कंटाळतात, काही खुलतात, आणि काहींना आपल्या घरातल्या गोष्टी मोहिनीताईंनी विचारल्यावरच पहिल्यांदा आठवतात. धनराजशेठ गादीवरून म्हणतात, "मोहिनीताई, तुम्ही दागिना गाठवता का पंचनामा करता?"

"गाठवताना हात चालतो, शेठ. तोंड रिकामंच असतं," त्या म्हणतात.

अशाच एका लग्नसराईत वेदिका स्टीलचा डबा घेऊन ओट्यापाशी आली. ती विंचूरच्या कांदेवाल्या घरातली, आता गंगापूर रोडवरच्या एका शाळेत गणित शिकवणारी. डब्यात कापसावर काळसर चांदीचे मणी होते, त्यांच्यात काही फुलं होती आणि एक मोठी, खाली तोंड केलेली चंद्रकोर. चंद्रकोरीच्या मधोमध निळसर हिरव्या पेरोजाच्या खड्याचा एक थेंब लोंबत होता.

मोहिनीताईंनी चंद्रकोर उचलून उन्हात धरली. "हे आपल्याकडचं नाही."

"नाही काकू, अमेरिकेतलं आहे. तिथल्या मूळ लोकांपैकी नावाहो म्हणून लोक आहेत, त्यांचं काम. मी तीन वर्षं त्यांच्या गावातल्या शाळेत शिकवत होते. आमच्या शाळेची बस चालवणारी बाई, बर्निस, तिने केलंय. मी निघाले तेव्हा दिलं."

"बस चालवते आणि दागिने करते?"

"सकाळ-संध्याकाळ बस चालवते. मधल्या वेळात हातोडी."

मोहिनीताईंना ही बाई तिथल्या तिथे आवडली. "आणि तुटलं कसं?"

चुलतभावाच्या हळदीला वेदिकाने पिवळ्या साडीवर ही माळ घातली होती. मांडीवर बसलेल्या भाचीने कोर मुठीत धरली आणि ओढली. मणी मांडवभर उड्या मारत गेले. अर्ध्या वऱ्हाडाने गुडघ्यावर बसून ते वेचले. सगळे मिळाले, एक मात्र मिळाला नाही.

"आत तार होती ना?" मोहिनीताईंनी विचारलं.

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"एका झटक्यात सगळे उधळले म्हणजे तारच. तारेला माया नसते. दोरा आधी ताणतो, मग कुरकुरतो, मग तुटतो. माणसाला सावध व्हायला वेळ देतो." त्या फुलांकडे वळल्या. गोल मणी आणि त्याच्या टोकाला पाकळ्या फाकलेल्या. "डाळिंबाची फुलं केलीत छान."

"भोपळ्याची, काकू. तिकडे त्याला भोपळ्याचं फूलच म्हणतात."

"भोपळ्याचं फूल केवढं पसरट असतं, पोरी. माझं माहेर डाळिंबाचं. झाडाखाली गळलेली फुलं आम्ही कानात अडकवायचो. हे डाळिंबच आहे. आणि ही चंद्रकोर."

वेदिका हसली. "बर्निसला विचारून सांगते."

ती गेल्यावर मोहिनीताईंनी मणी चटईवर मांडले. त्या आयुष्यभर मणी हाताळत आल्या होत्या, पण ते एकसारखे असायचे. एका साच्यातले, एका मापाचे. हे तसे नव्हते. एक किंचित चपटा, एक जरा थोराड, एकाचं भोक मधोमध नाही. बोटांमध्ये फिरवला की प्रत्येक मण्याच्या पोटावर एक बारीकशी रेघ नखाला लागायची. आणि दिसायला भरीव असले तरी हातात हलके. त्यांनी एक मणी कानाशी धरून हलवला. काही वाजलं नाही. भोकातून डोळा लावून पाहिलं, तर पलीकडच्या भोकातून आलेला उजेडाचा एक ठिपका, बाकी अंधार.

हरवलेल्या मण्याच्या जागी काय घालायचं, हा प्रश्न धनराजशेठनी चुटकीसरशी सोडवला. त्यांनी हुपरीहून आलेल्या मण्यांच्या पाकिटातून जवळच्या मापाचा एक काढून दिला. मोहिनीताईंनी तो इतरांमध्ये ओवून बघितला. शेतावरच्या पंगतीत सूट घालून बसलेल्या पाहुण्यासारखा तो दिसत होता. धुरावर धरून काळा केला तरी तसाच. त्याच्या पोटावर रेघच नव्हती.

"गिऱ्हाइकाला कळणार पण नाही," शेठ म्हणाले.

"बोटाला कळतंय ना," मोहिनीताई म्हणाल्या. पण खरं सांगायचं तर त्यांचं मन त्या जुळण्या-न जुळण्यात नव्हतंच. त्यांना दुसराच प्रश्न पडला होता. चेंडूसारखा बंद मणी, त्याला तोंड नाही, तर त्याच्या आतली जागा पोकळ ठेवली कशी? इतकी वर्षं त्या मण्याच्या एका भोकातून सुई घालून दुसऱ्यातून काढत होत्या. या दोन भोकांच्या मधे काय असतं, हे त्यांनी कधी कोणाला विचारलं नव्हतं. सगळ्या बाजाराला प्रश्न विचारणाऱ्या बाईला याची जरा लाजच वाटली.

दुकानाच्या मागच्या खोलीत दत्तूभाऊ बसतो. सिन्नरकडचा, मोडलेली चांदी जोडण्यात तरबेज. मोहिनीताई मणी घेऊन त्याच्यापुढे जाऊन बसल्या.

"सोपं हाय की," दत्तूभाऊ म्हणाला. "पत्र्याच्या दोन टिकल्या कापायच्या. खळग्यात ठेवून ठोकायच्या, वाट्या होत्यात. वाटीच्या तोंडाला वाटीचं तोंड लावायचं आन् झाळायचं, म्हंजे डाग देऊन सांधायचं. ही रेघ त्या झाळणीचीच."

"म्हणजे दोन वाट्या."

"दोन वाट्या. आता आपल्याकडं कोण करतंय एवढं? माझ्या बापानं केलं आसंल."

तेवढ्यात शेठनी पैंजणांसाठी हाक मारली आणि दत्तूभाऊ उठून गेला. मोहिनीताई तिथेच बसून राहिल्या. समोर खळगे पाडलेला पितळी ठोकळा होता, ज्याच्यावर तो घुंगरं बसवायचा. दोन वाट्या. एवढंच? आणि एवढंच असेल, तर आपण कधी का नाही बघितलं?

बाजार बंद असतो त्या दिवशी त्या पुन्हा आल्या. दत्तूभाऊ साठलेली कामं उरकायला येतोच, हे त्यांना ठाऊक होतं. घरातलं तुटकं जोडवं त्यांनी सोबत आणलं होतं. "हे वितळव आणि पत्रा करून दे. मला मणी करून बघायचाय."

बाई काही ऐकायची नाही, हे त्याला इतक्या वर्षांत कळलं होतं. "आगीचं काम हाय, ताई. पदर खोचा."

टिकल्या कापायला जमल्या. वाट्या करताना पहिल्या दोन फाटल्या, कारण त्या एकदम जोरात ठोकत होत्या. दत्तूभाऊने दाखवलं की मोठ्या खळग्यातून हळूहळू लहान खळग्यात जायचं आणि मधे मधे पत्रा तापवून मऊ करायचा. मोहिनीताईंना हे पटलं. रेशीमही ओढायचं नसतं, खेळवायचं असतं. दुपारपर्यंत त्यांच्या तळहातावर दोन वाट्या होत्या, मसुराच्या डाळीसारख्या, फक्त जरा मोठ्या. त्यांनी त्या एकमेकींवर ठेवल्या. मधे केसभर फट राहिली, पण मणी दिसू लागला.

"बारीक तारेनं बांधून ठेवा. मी चहा घेऊन आलो की झाळून दाखवतो," असं सांगून दत्तूभाऊ बाहेर गेला.

मोहिनीताई थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. पण सकाळपासून त्या त्याचा हात बघत होत्या. झाळ पसरावी म्हणून टाकणखार लावायचा, झाळीचा, म्हणजे लवकर वितळणाऱ्या चांदीचा, कपटा ठेवायचा, बत्तीची ज्योत आधी लांबून आणि मग जवळून द्यायची. त्यांनी तारेने बांधलेल्या वाट्या विटेवर ठेवल्या आणि बत्ती पेटवली. टाकणखार फुगला, खाली बसला, काचेसारखा झाला. झाळ चमकली आणि रेघेभोवती पाण्यासारखी पळाली. इतकं सुंदर त्यांनी बऱ्याच दिवसांत काही बघितलं नव्हतं. नीट बसावं म्हणून त्यांनी ज्योत अजून थोडा वेळ धरली.

फटाका फुटावा तसा आवाज झाला. मणी विटेवरून उडाला, पत्र्याच्या कपाटावर आपटला आणि कुठेतरी कोपऱ्यात गेला. तारेचा तुकडा मनगटाला चाटून गेला. दत्तूभाऊ चहाचे ग्लास घेऊन धावतच आत आला, तेव्हा मोहिनीताई विझवलेली बत्ती हातात धरून तशाच बसल्या होत्या.

"भोक पाडलं होतं का?" त्याने विचारलं.

"भोक मागून पाडायचं ना? मणी झाल्यावर?"

दत्तूभाऊने ग्लास खाली ठेवले. "आवो ताई, आत हवा असती. तापली की तिला वाट नको का? भोक आधी पाडायचं. टिकली सपाट असताना. डोळ्याला लागलं असतं म्हंजे?" तो रागावला होता, आणि आपण सांगून गेलो नाही याचाही त्याला राग आला होता. त्याने त्यांच्या मनगटावर गार पाणी ओतलं. मोहिनीताईंनी मात्र दुसरंच विचारलं, "म्हणजे ती भोकं दोऱ्यासाठी नाहीतच. आधी हवेसाठी आहेत."

"दोन्हीसाठी," दत्तूभाऊ वैतागून म्हणाला. "चहा घ्या."

घरी संतोषरावांनी मनगटावरचा फोड बघितला. ते मोठ्याने बोलणाऱ्यातले नाहीत. मलम लावता लावता एवढंच म्हणाले, "कारखान्यात असं झालं तर मी माणसाला घरी पाठवतो. तुला कशाला पाहिजे हे आता? गाठवायला कमी माल येतो का?"

पैशासाठी म्हणावं तर पैसे मिळणार नव्हते. गिऱ्हाइकासाठी म्हणावं तर वेदिका तो हुपरीचा मणीसुद्धा हसत घेऊन गेली असती. "मला बघायचंय," त्या शेवटी म्हणाल्या. संतोषरावांनी मलमाचं झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून येताना त्यांनी संरक्षणाचा एक पारदर्शक चष्मा आणला आणि मोहिनीताईंच्या पिशवीत ठेवला.

वेदिकाला हे सगळं कळलं, तेव्हा ती आधी घाबरली. "काकू, मी बर्निसला सांगते, ती एक मणी पाठवेल."

"सांग. पण आधी मला तिच्याशी बोलायचंय."

म्हणून एका सकाळी, दुकानाचं शटर अर्धंच उघडलेलं असताना, ओट्यावर मोबाईल उभा केला गेला. मागे बरण्या लावून तो टेकवला. तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. पडद्यावर साठीची एक बाई दिसली. चष्मा कपाळावर चढवलेला, केस मागे बांधलेले, मागच्या भिंतीवर हातोड्या. मोहिनीताईंनी नमस्कार केला, तिने मान हलवली. पहिला प्रश्न फुलाचाच होता.

बर्निस गप्प राहिली. इतका वेळ गप्प, की मोहिनीताईंना वाटलं फोन अडकला.

"नाही, ती विचार करतेय," वेदिका हळूच म्हणाली. "तिथे कोणी बोलायची घाई करत नाही."

मग बर्निस बोलली आणि वेदिका मराठीत सांगत गेली. आमच्या भाषेत त्याला फक्त पसरत जाणारा मणी म्हणतात. भोपळ्याचं फूल हे नाव बाहेरच्या लोकांनी दिलं. आमच्या लोकांनी चांदीचं काम मेक्सिकोच्या कारागिरांकडून उचललं, माझ्या पणजोबांच्याही थोडं आधी. त्या मेक्सिकोवाल्यांच्या कपड्यांना चांदीच्या गुंड्या असायच्या, आणि त्या गुंड्या म्हणे... इथे वेदिका थांबली आणि मोहिनीताईंकडे बघू लागली.

"काय म्हणते?"

"म्हणते डाळिंबाच्या आकाराच्या होत्या. स्पेनमधून आलेलं डाळिंब. जुनी माणसं असं सांगतात, खरं-खोटं तिला माहीत नाही."

मोहिनीताईंनी मान डोलावली. "आणि चंद्रकोर?"

ती मात्र चंद्रकोर नव्हती. घोड्याच्या कपाळावर, लगामाच्या पट्ट्याला तसं लटकवायचे, नजर लागू नये म्हणून. ते स्पेनवाल्यांनी कोणा अरबांकडून घेतलं होतं. आमच्या माणसांनी घोड्यावर बघितलं, आवडलं, आधी आपल्या घोड्याला लावलं आणि मग बायकोच्या गळ्यात घातलं. हे सांगताना बर्निस पहिल्यांदा हसली.

मोहिनीताई हरखून ऐकत होत्या. चांदी कुठून आणायचे? नाणी वितळवून. ठोकायचे कशावर? बर्निसने मोबाईल फिरवून दाखवलं. रेल्वेच्या रुळाचा कापलेला तुकडा होता, वरून घासून आरशासारखा झालेला. मामाचा, ती म्हणाली. मामा ठोकायचा आणि मी कानशीने घासून द्यायचे. मामाचे हात थरथरायला लागले तशी मी रुळावर बसले.

दाराशी उभा राहून ऐकणारा दत्तूभाऊ एकाएकी आत गेला आणि दोन्ही हातांनी काहीतरी जड घेऊन आला. तोही रुळाचाच तुकडा होता. "तिला दाखवा. इगतपुरीच्या भंगारातला हाय. माझ्या बापानं आणला."

वेदिकाने तो पडद्यासमोर धरायला लावला. बर्निसने कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि चेहरा जवळ आणला. ती काहीतरी म्हणाली.

"विचारतेय, वरची धार तुम्ही गोल का केली?"

"पैंजणाची कडी वळवायला," दत्तूभाऊ म्हणाला. मग त्या दोघांचं असं काही जमलं की मोहिनीताईंना मधे हात घालावा लागला. त्यांना वाट्या सरकतात आणि मधे फट राहते, त्याचं काय करायचं ते विचारायचं होतं. बर्निसने सांगितलं, वाट्यांची तोंडं सपाट दगडावर घासायची, अंगठ्याखाली गोल गोल, उजेड मधून जाईनासा होईपर्यंत. घाई करू नको. मग भोकांतून एकच तार ओवायची आणि दोन्हीकडून आवळायची, बाहेरून बांधायची नाही.

"म्हणजे ओवायचंच," मोहिनीताई म्हणाल्या.

जाता जाता बर्निसने एक प्रश्न विचारला. त्या बाईच्या पायाला काय बांधलंय? मोहिनीताईंना आपण सवयीने दोरा गुंडाळूनच बसलोय हे तेव्हा लक्षात आलं. त्यांनी पाय पुढे केला आणि दोन मण्यांमधली गाठ कशी सरकवायची ते करून दाखवलं. बर्निसने पुन्हा करायला सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगितलं. तिच्याही हातात तिकडे कुठलीशी सुतळी आली होती, आणि ती गाठ काही तिला बसली नाही.

"मणी पाठवू का विचारतेय," वेदिका म्हणाली.

"तिला म्हणावं, आत्ता नको."

पुढचे बंद बाजाराचे दिवस मोहिनीताई मागच्या खोलीत होत्या. वाट्या घासायला त्यांना पाट्याच्या दगडाचा तुकडा सापडला. एक मणी झाळताना वितळून वाटाण्यासारखा गोळा झाला. एकाची रेघ अर्धीच भरली. एकाची भोकं समोरासमोर आली नाहीत आणि तो ओवल्यावर मान वाकडी करून बसला. माहेरी फोनवर आईला सांगितलं तर आई म्हणाली, "काय शे ते? सोनारीण व्हयनी का तू?" आणि मग, "आम्हाले बी दखाड."

जो मणी जमला, तो जमताना काही विशेष घडलं नाही. झाळ पळाली, ज्योत बाजूला केली, मणी पाण्यात टाकला, चुर्र आवाज आला. चिंचेच्या पाण्यात उकळल्यावर तो पांढराशुभ्र निघाला. मोहिनीताईंनी कानशीने रेघ थोडी घासली, सगळी काढली नाही, धुरावर काळा केला आणि चष्मा काढून भोकातून आत बघितलं. तोच अंधार, तोच पलीकडचा ठिपका. पण हा अंधार त्यांनी स्वतः बंद केला होता. त्या बराच वेळ बघत राहिल्या. दत्तूभाऊने विचारलं, "काय दिसतंय?" तर म्हणाल्या, "काही नाही रे. काहीच नाही."

माळ त्यांनी जाड काळ्या रेशमात गाठवली, मण्यामण्यात गाठ मारून, म्हणजे पुन्हा कोणी ओढली तरी एकच मणी सुटावा. वेदिकाने गळ्यात घातली आणि बोटं फिरवून नवा मणी शोधायला लागली. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा सापडला, कारण तो इतरांपेक्षा जड होता. पत्रा जाड राहिला होता. बर्निसला फोटो पाठवला. तिने जवळून काढून पाठवायला सांगितला आणि मग उत्तर आलं की रेघ वाकडी आहे, माझी पहिली रेघ याच्याहून वाकडी होती, आता फूल कधी करणार?

फूल अजून झालेलं नाही. पाकळ्या कापल्या की त्या मोहिनीताईंच्या हातात चुरमडतात. पण बंद बाजाराच्या दिवशी त्या मणी करतात. धनराजशेठनी त्यांचे काही मणी काचेत मांडून ठेवले आहेत. कधी कोणी घेतं, बहुतेक वेळा घेत नाही. शेठ म्हणतात, "हुपरीवाले घाबरलेत तुम्हाला." आणि ओट्यावर येणाऱ्या दागिन्यांकडे बघायची मोहिनीताईंची नजर बदलली आहे. आता पुडी सुटली की त्या आधी मणी उचलून पोटावर नख फिरवतात.

या होळीच्या आधी पेठकडची चिमणाबाई आली. द्राक्षाच्या काढणीला आलेल्या मजुरांच्या टोळीतली. तिच्या आईची माळ होती. जुने रुपये आणि मधे मधे चांदीचे मणी, त्यातला एक दबलेला. मोहिनीताईंनी नख फिरवलं. रेघ होती. इतकी बारीक की दोनदा बघावी लागली.

"हे कोणी केलं, बाई?"

"पेठच्या बाजारात एक सोनार बसायचा. रामनवमीला आमच्या पाड्यावं पन यायचा. तो मेला. पोरगा हाय त्याचा, पुंजा. पन तो नाय करीत. मोबाईल दुरुस्त करतो."

"कुठे बसतो?"

"एसटी स्टँडच्या समोर."

पेठच्या बाजाराच्या दिवशी मोहिनीताई तिकडच्या बसमध्ये बसल्या. पिशवीत चिमणाबाईची माळ होती आणि चष्मा. घाटातून बस वळणं घेत चढली, उतरली. स्टँडसमोर मोबाईलच्या कव्हरांनी झाकलेली एक टपरी होती. आत पन्नाशीचा पुंजा फोनची पाठ उघडून बसला होता.

"हा मणी तुमच्या वडिलांचा," मोहिनीताईंनी माळ पुढे केली. "याची झाळ इतकी बारीक कशी आली, ते विचारायला आले होते."

पुंजाने माळ हातात घेतली. ओळखलं की नाही, चेहऱ्यावर काही दिसलं नाही. "तुम्ही कोण? चांदीवाल्या?"

"नाही, पटवेकरी. नाशिकची. मणी करायला शिकतेय."

"आता? या वयात?"

"आता."

पुंजाने उघडा फोन बाजूला सारला. टपरीच्या फळीखाली वाकून त्याने एक गोणपाट ओढलं आणि आतून लाकडाचा एक काळा, गुळगुळीत ठोकळा काढला. सागाचा बुंधा होता, त्यात वाटाण्यापासून लिंबापर्यंत खळगे. मोहिनीताईंनी असा लाकडी ठोकळा कधी पाहिला नव्हता. त्यांनी खळग्यात बोट फिरवलं.

"पितळेचा का नाही?"

"पितळ पत्र्याला ओरखडं पाडतं. बाप म्हणायचा, लाकूड मऊ, ते चांदीला दुखवत नाय," पुंजा म्हणाला. मग "झाळीचं मला थोडं आठवतंय. तो झाळ कपट्यानं नाय लावायचा. कानशीनं घासून पीठ करायचा आन् टाकणखारात कालवून पिसानं लावायचा. कोंबडीच्या."

"पिसाचं कुठलं टोक?"

पुंजा हसला. त्याने आतलं स्टूल बाहेर काढून फुंकर मारली आणि त्यांच्याकडे सरकवलं. मोहिनीताई बसल्या, पिशवीतून मोबाईल काढला आणि संतोषरावांना फोन लावून सांगितलं की खिचडी लावून घ्या, मला यायला उशीर होईल.